अपघाताच्या वहीतली एक ओळ

[दृश्य : भोसरी एमआयडीसी, सकाळचे सात. पहिली पाळी आत चाललीय.]

पॉवर प्रेसचा दणका कानाआधी पायांना कळतो. पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा, हात मागे घ्यायचा, पायडल दाबायचं, तुकडा काढायचा. दिवसभर हेच. आणि एखाद्या खेपेला हात मागे यायला उशीर होतो.

[दृश्य : उजवा हात, जवळून. तर्जनीची वरची दोन पेरं नाहीत. हात शर्टाचं बटण लावतोय.]

बटण लावायला आता मधलं बोट पुढे येतं. त्याची सवय होते. पण बरं होईपर्यंत घर कशावर चालणार? याचं उत्तर पगाराच्या चिठ्ठीवरच्या एका कपातीत आहे : ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा.

पगार 18,000 असेल तर कामगाराचे 135 रुपये कापले जातात, पाऊण टक्का. मालक स्वतःचे 585 घालतो, सव्वातीन टक्के. मालकाने आपला वाटाही कामगाराच्या पगारातून कापला, तर तो गुन्हा आहे. कारखान्यात दहा माणसं असली की योजना लागू होते; पगाराची मर्यादा 21,000. कायदा 1948 चा, सुरुवात 1952 मध्ये कानपूर आणि दिल्लीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला.

या विम्याचा पाया असा, की चूक कोणाची हे कामगाराला सिद्ध करत बसावं लागत नाही. मालकाच्या डोक्यावरचाही भार उतरतो, कारण भरपाई ईएसआयचं सरकारी महामंडळ देतं आणि त्याच अपघातासाठी मालकावर वेगळा दावा चालत नाही. आजारपणाच्या भत्त्याला आधी ठराविक दिवसांची वर्गणी लागते. अपघाताला ती अट नाही. पहिल्याच दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे. मालकाने वर्गणी थकवली असेल तर ती महामंडळाने त्याच्याकडून वसूल करायची. कामगाराचे पैसे त्यापायी अडत नाहीत.

[दृश्य : सुपरवायझरची केबिन. बंद दार.]

खरा घोळ इथे होतो. "घरी लागलं म्हणून सांग, दवाखान्याचं मी बघतो." हे वाक्य एमआयडीसीत कोणाला नवीन नाही. पोरगा घाबरलेला असतो, नोकरी टिकवायची असते, तो मान हलवतो.

त्या मान हलवण्याची किंमत मोजून बघू. घरी लागलेलं साध्या आजारात धरलं जातं : पगाराच्या 70 टक्के, तेही वर्षात 91 दिवसांपर्यंत. कामावरचा अपघात म्हटलं तर 90 टक्के, आणि काम करता येत नाही तोवर. पुढे मेडिकल बोर्ड बसतं. तर्जनीची दोन पेरं गेली तर कायद्याच्या तक्त्यात कमाईची 11 टक्के हानी धरलीय. 18,000 पगार म्हणजे रोजचे 600, त्याचे 90 टक्के म्हणजे रोजचा दर साधारण 540. त्याचे 11 टक्के रोजचे 59 रुपये, म्हणजे महिन्याला 1,780 च्या आसपास. हयातभर. हाताला दुसरं काम मिळालं, पगार सुरू झाला, तरीही. "घरी लागलं" या दोन शब्दांत हे सगळं जातं. दवाखान्याचं एक बिल भरून कोणी ते भरून देऊ शकत नाही.

ज्यांना ईएसआय लागू नाही, त्यांच्या भरपाईची मुळं 1923 च्या कायद्यात आहेत. तिथे पैसे मालकाने द्यायचे. म्हणून शहाणा मालक विमा कंपनीकडून पॉलिसी घेऊन ठेवतो. महिनाभरात रक्कम दिली नाही तर 12 टक्के व्याज, वर दंड.

[दृश्य : अपघाताची वही. रेषा मारलेलं कोरं पान.]

आधी दवाखाना, हे तर झालंच. पण त्याच दिवशी या वहीत नोंद झाली पाहिजे : नाव, वेळ, कोणतं मशीन, लागलं कुठे, पाहणारं कोण होतं. जखमी माणसाच्या हातात पेन धरवत नसतं. त्याच्या वतीने दुसऱ्याने खबर दिली तरी चालते.

[दृश्य : शेजारच्या प्रेसवरचा सोबती हात पुसतो, पेन उचलतो.]