नजर, नाझर, मंजूर

(पडद्यावर: कचेरीतलं जुनं दफ्तर, पिवळे पडलेले कागद, मोडीतल्या ओळी.)

तारीख. अर्ज. वकील. हजर. मजकूर. जमा, खर्च, हिशेब.

हे शब्द मराठीत आले ते फारसीचा हात धरून, पण त्यांचं मूळ गाव अरबी. त्यामुळे अरबी शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात वाटायला लागतं, की अर्धी भाषा तर आपल्याला येतेच. वाटू द्यावं. पुढे लिपी आहेच.

अक्षरं 28. उजवीकडून डावीकडे लिहायची. अक्षर शब्दात कुठे बसलंय त्याप्रमाणे त्याचा आकार बदलतो, आणि 6 अक्षरं अशी आहेत की पुढच्या अक्षराला कधी जोडलीच जात नाहीत. पण हे हाताला वळण लागण्याचं काम; सरावानं जमतं. खरी अडचण पुढे आहे. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत.

(पडद्यावर: तीन व्यंजनं.)

कागदावर फक्त क, त, ब. हे 'कतबा' वाचायचं, म्हणजे 'त्याने लिहिलं'? 'कुतिबा', म्हणजे 'लिहिलं गेलं'? की 'कुतुब', म्हणजे 'पुस्तकं'? ते वाक्यावरून ठरतं. मराठीत आपण वाचतो आणि मग समजतं. इथे आधी थोडं समजावं लागतं, तेव्हा कुठे वाचता येतं. म्हणून अरबीत व्याकरण मागच्या धड्यांवर ढकलता येत नाही.

इराकमधलं बसरा शहर, आठवं शतक. खलील इब्न अहमद या पंडिताने अक्षरांच्या वर आणि खाली द्यायच्या स्वरखुणांची पद्धत बसवली. कुराणात आणि लहान मुलांच्या पुस्तकांत आजही तशाच खुणा दिसतात. या खलीलचा शिष्य सीबवैह. हा इराणी, फार्स प्रांतातला. त्याने लिहिलेल्या ग्रंथाला लोक नुसतं 'अल-किताब' म्हणतात, आणि अरबी व्याकरण आजही त्याच पायावर उभं आहे. ज्याला ही भाषा शिकावी लागली, त्यालाच तिचे नियम इतके स्वच्छ दिसले असावेत. नवशिक्यांना तेवढाच धीर.

या व्याकरणाची किल्ली म्हणजे 'वज़्न'. हो, आपलं वजनच. बहुतेक शब्दांच्या पोटात तीन व्यंजनांचा धातू असतो आणि तो ठरलेल्या साच्यांत, म्हणजे वजनांत, ओतला जातो. साचा दाखवायला वैयाकरण फ-अ-ल हा 'करणे' या अर्थाचा धातू घेतात (यातला 'अ' अरबीत व्यंजनच). 'फाइल' म्हणजे करणारा. 'मफऊल' म्हणजे ज्यावर क्रिया झाली तो. आता त्या जागी न-ज़-र हा पाहण्याचा धातू ठेवा. पाहणारा तो 'नाज़िर'. आपल्या कोर्टातला नाझर तोच. पाहिलेला तो 'मन्ज़ूर'. आणि पाहणं ती नजर. तिन्ही शब्द आपण रोज वापरतो, फक्त ते एका घरातले आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं. हासील आणि महसूल, हुकूम आणि हाकीम, हीसुद्धा अशीच घरं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की सुरुवातीला शब्दांच्या याद्या पाठ करू नयेत. दहा वजनं पाठ करावीत.

शब्दकोशही धातूप्रमाणे लावलेले असतात. 'मक्तूब' शोधायला 'म' उघडाल तर तो हाती लागणार नाही. पुढचा 'म' आणि मधला 'ऊ' बाजूला काढून क-त-ब कडे जायचं.

अनेकवचनातही हाच खेळ. बऱ्याच नामांना शेवटी प्रत्यय लागत नाही, शब्द आतून बदलतो. किताब, कुतुब. पण एक वजन आपल्या ओळखीचं आहे: खबर, अखबार. हाल, अहवाल. वलद, औलाद. आपण 'अहवाल सादर झाला' म्हणतो, एकवचनात. अरबीत तो हालांचा गठ्ठा आहे.

काही गोष्टी हलक्या जातात. 'अल-बैतु कबीर', घर मोठं. मध्ये 'आहे' नाही, आणि 'नाव मोठं, लक्षण खोटं' म्हणणाऱ्यांना त्यात काय नवल! द्विवचन शाळेतल्या संस्कृतमुळे ओळखीचं असतं. बहरीन या देशाच्या नावाचाच अर्थ 'दोन समुद्र'. काही गोष्टी मात्र मुकाट्यानं घ्याव्या लागतात. पुस्तकं, घरं अशा निर्जीव वस्तूंचं अनेकवचन व्याकरणात स्त्रीलिंगी एकवचन होतं. आणि 3 ते 10 हे आकडे पुल्लिंगी नामासमोर स्त्रीलिंगी रूप घेतात. का, ते पहिल्या वर्षी विचारू नये.

(पडद्यावर: शिक्षक एकच अक्षर पुन्हा पुन्हा उच्चारतो.)

अरब आपल्या भाषेला 'दादची भाषा' म्हणतात. दाद हे अक्षर, जिभेचा मागचा भाग उचलून जड केलेला द. इराणात त्याचा 'ज़' झाला आणि आपल्याकडे 'ज'. अर्ज, कर्ज, काजी, हजर, जिल्हा, सगळे मूळचे दादवाले. शब्द येतो, तोंड येत नाही.

आणि रस्त्यावरची अरबी वेगळीच. पुस्तकी 'फुस्हा' सगळीकडे वाचली जाते, पण बोली देशागणिक बदलते. खेड-दापोलीहून आखातात कामाला गेलेला माणूस यातलं काहीही न शिकता 'मा फी मालूम' म्हणतो, म्हणजे 'माहीत नाही', आणि त्याचं काम चालतं. त्यातलं 'मालूम' मात्र चोख 'मफऊल'च्या वजनात असतं.

कैरोत कॉफीला 'अहवा' म्हणतात. तिथे 'अहवा मझबूत' मागितलीत तर कडक कॉफी येईल अशी आशा धरू नका. आपलं 'मजबूत' आणि 'जप्त' एकाच धातूचे, नेमकं धरून ठेवण्याचे. इजिप्तमध्ये 'मझबूत' म्हणजे नेमकं, बेताचं. कपात येते ती बेताच्या साखरेची कॉफी.