पत्ता : मारुती मंदिराच्या मागे

भिवंडीजवळ मानकोली नाक्यावरून आत वळलं की पत्र्याची गोदामं सुरू होतात, ती संपता संपत नाहीत. एकेकाळी भिवंडी म्हटलं की यंत्रमागांचा खडखडाट आठवायचा. आज ठाण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत पोचणारं पार्सल इथून निघतं.

इथूनच का? मुंबईत माल आणायचा तर जकात भरावी लागे. मग व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेर उतरवायला सुरुवात केली. नाशिकचा रस्ता जवळ, बंदर आवाक्यात, जागा स्वस्त. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोदामं वाढतच राहिली. राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायची गरज उरली नाही, मोठी गोदामं परवडू लागली.

आतली मांडणी बघून नवखा माणूस चक्रावतो. बऱ्याच मोठ्या गोदामांत साबणाशेजारी पुस्तक असतं आणि पुस्तकाशेजारी कुकरची शिटी. जिथे जागा रिकामी, तिथे वस्तू. कुठलं काय कुठे आहे ते कॉम्प्युटरला ठाऊक. हातातल्या स्कॅनरवर रॅकचा नंबर येतो, कामगार चालत जातो, वस्तू उचलतो, स्कॅन करतो. पॅकिंग होतं, लेबल चिकटतं, पिनकोडप्रमाणे पार्सलं वेगळी होतात. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी, म्हणून बरीचशी वाहतूक रात्रीची. कशेळीचा पूल, बाळकुम, कापूरबावडी, मग ठाण्यातल्या वागळे इस्टेटसारख्या भागातलं हब, म्हणजे पार्सलं वाटपाला निघतात ते केंद्र.

इथवरचं काम बारकोडवर चालतं. खरी परीक्षा यापुढे आहे, आणि ती एका माणसाची आहे.

सकाळी हबच्या फरशीवर रायडर आपली पार्सलं पसरतो. शेवटी द्यायचं ते बॅगेच्या तळाशी, पहिलं द्यायचं ते वर. बॅग भरतानाच त्याच्या डोक्यात सगळा रूट तयार असतो. गाडी त्याची, पेट्रोलही त्याचंच. बहुतेक ठिकाणी पैसे मिळतात ते पोचलेल्या पार्सलाचे.

लोकमान्य नगरच्या चढावर पत्ता असतो : मारुती मंदिराच्या मागे, टाकीजवळ. नकाशावरचा ठिपका भलत्याच गल्लीत. तो फोन लावतो.

"ताई, पार्सल आहे. मंदिर कुठलं? इथे दोन आहेत."

"शाखेच्या बाजूचं. तिथेच थांबा दादा, पोराला पाठवते."

नंतरच्या खेपेला त्याला फोन लावावा लागत नाही. कुठल्या गल्लीत बाइक जात नाही, दुपारी कोण घरी नसतं, कुठला वाणी पार्सल ठेवून घेतो, हे त्याला पाठ होतं. हे ज्ञान कुठल्याही ॲपमध्ये नाही. त्याची किंमतही कुणी मोजत नाही, हे मला फार खटकतं.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पत्ता अचूक असतो, पण वेळ गेटवर जातो. रजिस्टरमध्ये नाव, घरून परवानगी, मग सर्व्हिस लिफ्टची वाट. तेविसाव्या मजल्यावर पोचावं तर ओटीपी ज्या फोनवर गेला तो फोन ऑफिसात.

याच महाराष्ट्रात पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाला मंडळ मिळालं, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. ॲपवर काम करणाऱ्यांची दखल केंद्राच्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ला. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत द्यायची, अशी त्यात तरतूद आहे. हा पैसा रायडरच्या अपघाताला, आजारपणाला उपयोगी पडायला हवा, आणि लवकर पडायला हवा.

संध्याकाळी तो हबवर परततो. रोख रक्कम मोजून भरतो. ग्राहक घरी नव्हते ती पार्सलं पुन्हा स्कॅन करून ठेवतो. त्यांच्यासाठी तो जिने चढला, पण बहुतेक ठिकाणी त्या चढण्याचे पैसे धरत नाहीत. उद्या तीच पार्सलं पुन्हा त्याच्या रूटवर येतील.