रुळांखाली कॉर्क की फोम? आवाजाचं खरं कारण वेगळंच आहे

नमस्कार मंडळी! "लेआउटला कॉर्क घालू की फोम?" मॉडेल रेल्वेच्या लेआउटबद्दल, म्हणजे फळीवर मांडलेल्या छोट्या रुळांबद्दल, हा प्रश्न तुम्ही इतक्यांदा विचारलाय, की आज त्याचा निकालच लावू.

मापं झटपट. एचओ मापाच्या मॉडेलला रुळांखालच्या पट्टीची जाडी साधारण 5 मिलिमीटर, त्याहून लहान एन मापाला 3. कॉर्कची पट्टी मधोमध चिरलेली असते. दोन्ही भाग सुटे करा, उतरती कड बाहेर ठेवा, सरळ कडा मध्यरेषेवर जुळवा. दोन्ही भागांचे जोड समोरासमोर नकोत.

फोम मऊ. खिळा जरा जास्त ठोकला की स्लीपर (रुळांखालची आडवी पट्टी) मधोमध दबतो, रूळ आत कलतात, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर कमी होतं. एचओत ते 16.5 मिलिमीटरच हवं! म्हणून फोमवर खिळे नकोतच, अॅक्रिलिक सीलंटचा पातळ थर द्या. खाली थर्माकोल असेल तर सॉल्व्हंटवाला गोंद लांब ठेवा, थर्माकोल विरघळतो.

आता आवाज. बहुतेक जण आवाजासाठीच महागडी पट्टी शोधतात, आणि मग रुळांभोवती टाकलेल्या खडीवर पांढरा गोंद पाण्यात कालवून ओततात. तो वाळला की खडीची दगडासारखी कडक लादी होते. एक टोक स्लीपरला, दुसरं थेट प्लायवूडला. कंपनं कॉर्कला वळसा घालून खाली उतरतात आणि प्लायवूड ढोलासारखं घुमतं.

पटत नसेल तर खडी टाकण्याआधी गाडी फिरवून ऐका, गोंद वाळल्यावर पुन्हा ऐका. पट्टी तीच, रूळ तेच, घरघर मात्र वाढलेली. मग दोष कॉर्कचा कसा?

अजून एक करून बघा. टाकाऊ फळीवर प्लास्टिकचा कागद पसरा, त्यावर खडीचे दोन पट्टे घाला. एकावर पांढरा गोंद, दुसऱ्यावर पातळ केलेला लॅटेक्स गोंद. पूर्ण वाळल्यावर कागद सोलून दोन्ही हातात घ्या. पहिला नखाने टकटक वाजतो आणि वाकवला की कट्‌कन मोडतो. दुसरा रबरासारखा लवतो. रुळांखाली तो दुसरा हवा.

पांढराच गोंद वापरायचा असेल तर खडी कॉर्कच्या उतारावरच थांबवा, फळीला टेकू देऊ नका. उताराच्या पायथ्याशी बोटभर पट्टा मोकळा सोडा, तिथे नंतर गवताची भुकटी चिकटवा. आणि गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या सांध्यात, हलत्या पात्यांपाशी, गोंद ड्रॉपरनेच, थेंबाथेंबाने सोडा. वाळेपर्यंत पाती मधूनमधून हलवत राहा, नाहीतर जाम होतील.