डग्ग्याचा घुमारा

पडद्यावर आत्ता जो ॲम्प्लिफायर दिसतो आहे, तो परभणीतल्या आमच्या जुन्या घरात, माळवदाच्या खोलीत, एकवीस वर्षे वाजला. ॲल्युमिनियमच्या चेसिसवर उभे असलेले सहा व्हॉल्व्ह (म्हणजे क्षीण विद्युतलहर मोठी करणाऱ्या निर्वात काचेच्या नळ्या), त्यांच्या मागे तीन ट्रान्सफॉर्मर, आणि पुढच्या अंगाला एक बटण व आवाजाची एक खुंटी, एवढाच त्याचा पसारा. व्हॉल्व्हपैकी चार ईएल८४ जातीचे आणि दोन ईसीसी८३ जातीचे आहेत. काही वडिलांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून उरलेले, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेले. बाकीचे हैदराबादला कोटी भागातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्या पालथ्या घालून आणलेले. हा ॲम्प्लिफायर मी माझ्या हाताने जोडला आणि गेल्या वर्षी माझ्याच हाताने बाजूला ठेवला. हे का घडले, ते नीट सांगावे, म्हणून हा छोटा माहितीपट केला आहे.

खोलीतला दिवा मालवून बटण दाबले की आधी काहीच होत नाही. मग काचेच्या आत, अगदी मध्यभागी, नारिंगी रेघ उमटते, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत स्पीकरमधून फार बारीक असा श्वासासारखा आवाज येऊ लागतो. ही अर्ध्या मिनिटाची वाट पाहणे माझ्या ऐकण्याचा भाग झाले होते. रेकॉर्ड पुसून तबकडीवर ठेवायची, सुई तपासायची, आणि तोवर व्हॉल्व्ह तापलेले असायचे.

तापणे हाच व्हॉल्व्हचा प्राण आहे. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी निर्वात नळीत तिसरी तार, म्हणजे प्रवाहाला लगाम घालणारी ग्रिड, घातली आणि क्षीण विद्युतलहर मोठी करता येऊ लागली, तेव्हापासून हे तत्त्व बदललेले नाही: कॅथोड तापवावा लागतो, तरच त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. माझ्या सहा व्हॉल्व्हचे हीटर मिळून ६.३ व्होल्टवर साडेतीन अँपिअरहून अधिक प्रवाह घेतात, म्हणजे २३ वॅट केवळ निखारा पेटता ठेवण्यासाठी जातात. त्यावर हे इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या प्लेटचा ३०० व्होल्टचा पुरवठा आणि ट्रान्सफॉर्मरमधली घट धरली, तर गाणे सुरू असो वा नसो, ८० वॅटच्या पुढे वीज खर्च होते, आणि त्यातून प्रत्येक बाजूला मिळतो तो जास्तीत जास्त १० वॅट आवाज. डिसेंबरात या शेगडीपाशी बसणे सुखाचे असते. मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे सरकतो, रात्री अकरापर्यंत माळवद उष्णता सोडत राहते, आणि तेव्हा घरातली माणसे दुसऱ्या खोलीत जाऊन बसत. मी मात्र पंखा बंद करून ऐकत असे, कारण पंख्याची घरघर मला चालत नसे.

आमच्याकडच्या विजेचाही यात वाटा आहे. शेतीपंपांचा भार वाढला की संध्याकाळी घरातला दाब १९० व्होल्टपर्यंत उतरलेला मी अनेकदा मोजला आहे. व्हॉल्व्हच्या हीटरला दहा टक्क्यांपर्यंतचा चढउतार सोसतो. पण २३० च्या जागी १९० आले की ६.३ व्होल्टऐवजी ५.२ व्होल्टच मिळतात, कॅथोड अर्धवट तापतो आणि आवाज मरगळतो. पुढे मी स्टॅबिलायझर बसवला. तरीही लाइट गेली की इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर ट्रान्सफॉर्मर असा गुणगुणायचा, की षड्जाच्या शेजारी दुसराच एक स्वर लागल्यासारखा वाटे.

ट्रान्झिस्टरविषयी माझ्या मनात जी अढी होती, तिला कारण होते. बेल लॅबमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्मला, त्यानंतर ध्वनीच्या क्षेत्रात तो आला तेव्हा सुरुवातीच्या ॲम्प्लिफायरमध्ये एक मोठा दोष होता. लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा अर्धा दुसरा. पण सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळेपर्यंत जागाच होत नाही. त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना लहरीत खाच पडते. आवाज मोठा असेल तर ही खाच लपते, हळू असेल तर उघडी पडते. वडिलांच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर तानपुऱ्याचा स्वर खरखरीत कागदावरून बोट फिरवावे तसा ऐकू येई, आणि तोच माझ्या कानात कायमचा बसला. आजच्या चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन्ही ट्रान्झिस्टर सतत थोड्या प्रवाहावर जागे ठेवलेले असतात आणि उरलेला दोष ऋण प्रतिभरणाने, म्हणजे बाहेर पडणाऱ्या लहरीचा थोडा भाग उलटा करून परत आत देऊन, खाली दाबलेला असतो. हे मी वाचले होते; ऐकून पाहण्याची तयारी मात्र नव्हती.

ती तयारी एका अपघाताने करून घेतली. मे महिन्यातल्या एका रात्री डाव्या बाजूचा एक ईएल८४ बघता बघता बदलला: मधल्या नारिंगी रेघेभोवतीची करडी प्लेटच लाल होऊ लागली. ग्रिडकडे जाणारा जुना कंडेन्सर गळू लागला होता, ग्रिडवर नको तो दाब चढला आणि प्रवाहावरचा लगाम सुटला. मी धावत जाऊन बटण बंद करेपर्यंत आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला होता. उच्च दाबाच्या वाटेवर फ्यूज मी बसवलाच नव्हता. ही चूक माझीच.

व्हॉल्व्हला हा ट्रान्सफॉर्मर लागतोच, कारण काही हजार ओहमवर काम करणारा व्हॉल्व्ह आठ ओहमच्या स्पीकरला थेट चालवू शकत नाही. गावातले मोटार भरणारे मिस्त्री तो हातात घेऊन बराच वेळ निरखत राहिले आणि म्हणाले, “काका, पाण्याची मोटार असती तर संध्याकाळपर्यंत भरून दिली असती. हे थरावर थर आपल्याच्यानं व्हायचं न्हाई.” त्यांचे बरोबर होते. या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्राथमिक आणि दुय्यम वेढे एकाआड एक थरांत गुंफावे लागतात, नाहीतर वरच्या पट्टीतले स्वर मावळतात. तो पुण्याहून भरून यायला चार महिने लागले. तेवढ्या काळापुरता म्हणून मी ६० वॅटचा साधा, आजच्या घडणीचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर आणला.

पहिले पंधरा दिवस तो मला कोरडा वाटला. माझा भाचा तबला शिकतो. तो सुटीत आला होता. विलंबित एकतालाची एक रेकॉर्ड मी लावली, तो चार आवर्तने मान खाली घालून ऐकत राहिला आणि म्हणाला, “मामा, ह्याच्यात डग्ग्यावरचा हात दिसायलाय.” मी तीच जागा पुन्हा ऐकली. मनगट पुढे सरकते, घुमारा चढतो, आणि तळवा दाबला जाताच तो जागच्या जागी थांबतो. एकवीस वर्षे माझ्या खोलीत तो घुमारा तळवा दाबल्यानंतरही थोडा रेंगाळत होता, आणि त्या रेंगाळण्याला मी भरदारपणा म्हणत आलो होतो.

जुना ॲम्प्लिफायर दुरुस्त होऊन आल्यावर मी दोन्हींचे मोजमाप केले. स्पीकर न जोडता २.८० व्होल्ट दाखवणारा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आठ ओहमचा भार जोडताच २.२४ वर आला. म्हणजे त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध दोन ओहम भरला. ट्रान्झिस्टरचा २.८० वरून जेमतेम २.७८ वर उतरला. स्पीकरचा पडदा एकदा हलला की त्याला आवरण्याचे काम ॲम्प्लिफायरने करायचे असते, आणि ते दोन ओहमच्या ढिल्या हाताने नीट होत नाही. शिवाय माझ्या स्पीकरचा रोध ६५ हर्ट्झच्या आसपास ३० ओहमपर्यंत चढतो; तिथे जुना ॲम्प्लिफायर आपसूक सुमारे दीड डेसिबल जास्त देत होता. घुमाऱ्याचा काही भाग तबलजीचा नव्हता, माझ्या खोलीचा होता.

खात्री करण्यासाठी मी नव्या ॲम्प्लिफायरच्या आणि स्पीकरच्या मध्ये दोन ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर जोडला. डग्गा पुन्हा जुन्यासारखा सैल झाला. वीस-पंचवीस रुपयांच्या त्या वस्तूने मला जे दाखवले, त्यानंतर त्या रात्री मी बराच वेळ काही लावले नाही.

ताकदीचाही हिशेब होता. तबल्याची थाप सरासरी आवाजापेक्षा २० डेसिबल वर उडी घेऊ शकते, म्हणजे क्षणभर शंभरपट वॅट मागते. अर्ध्या वॅटवर गाणे ऐकणाऱ्याला त्या क्षणी ५० वॅट लागतात. १० वॅटचा व्हॉल्व्ह तिथे लहरीचा माथा हळुवारपणे गोल करतो. कानाला ते बोचत नाही, पण ती थाप पूर्ण पोहोचलेली नसते.

व्हॉल्व्हच्या गोडव्याविषयी जे दुसऱ्या हार्मोनिकचे, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांच्या जोडस्वराचे, कारण नेहमी सांगितले जाते, ते मुख्यतः एकाच व्हॉल्व्हवर चालणाऱ्या रचनेचे आहे. माझ्या ॲम्प्लिफायरमधल्यासारख्या पुश-पुल जोडीत, म्हणजे दोन व्हॉल्व्ह उलटसुलट लहरीवर मिळून काम करतात तिथे, ते हार्मोनिक एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. तरीही घासलेल्या जुन्या रेकॉर्डवरचा एकट्या गायिकेचा मध्यसप्तक व्हॉल्व्हवर मला आजही अधिक जवळचा वाटतो, आणि ते मी लपवणार नाही. अशा रेकॉर्डसाठी थंडीत तो मी अजून लावतो. रोजचे ऐकणे ट्रान्झिस्टरवर असते, पंखा बंद ठेवूनही बसता येते अशा बेताच्या उष्णतेत, आणि घरातली माणसेही आता त्याच खोलीत बसतात.

यापुढे तबल्याचे दोन तुकडे ऐकू येतील, दोन्ही भाच्यानेच वाजवलेले आणि मुद्रित केलेले. दोन्ही एकाच स्पीकरवर वाजवले आहेत, एकाच मायक्रोफोनने, एक मीटर अंतरावरून पुन्हा टिपले आहेत, आणि आवाजाची पातळी व्होल्टमीटरने जुळवून घेतली आहे. शक्य असेल तर हेडफोन लावावा आणि डग्ग्यावर तळवा दाबला जातो त्या क्षणाकडे लक्ष द्यावे. पहिला तुकडा व्हॉल्व्हवरचा आहे.