‘श्यामची आई’मधला श्याम पुढे काय झाला?

नमस्कार मंडळी. अंघोळ झालीय, तळवे ओले आहेत, पायांना माती लागू नये म्हणून पोरगं अडून बसलंय. शेवटी आई त्याच्या पायाखाली आपला पदर पसरते. हे दृश्य ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या पोराचा चेहरा वेगळा सांगायला नको.

तो चेहरा माधव वझे यांचा. चित्रपट 1953चा, दिग्दर्शक आचार्य अत्रे. माधव तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा. समोर आई म्हणून वनमालाबाई, ‘सिकंदर’ हा हिंदी चित्रपट गाजवलेल्या. आणि मागे साने गुरुजींचं पुस्तक, जे घराघरांत रडत रडत वाचलं गेलं होतं. प्रत्येकाच्या मनात आपापला श्याम आधीच तयार होता. विचार करा, तेरा वर्षांच्या मुलावर केवढं हे ओझं! पण त्याने ते पेललं. 1954 साली देशात पहिल्यांदाच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं. ‘दो बीघा जमीन’ त्याच यादीत होता बरं का!

बालकलाकार म्हटलं की आपण लगेच हळहळतो: बिचारा, पुढे हरवला. वझे हरवले नाहीत. ते शिकले, पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. आणि अभिनयाची ओढ त्यांनी नाटकाकडे वळवली. नाटकं बसवली, नव्या मुलांना रंगभूमीचे धडे दिले, आणि नाट्यसमीक्षा लिहिली.

मला यातली समीक्षा फार महत्त्वाची वाटते. ज्या मुलाकडे अख्ख्या महाराष्ट्राने डोळे भरून पाहिलं, तो मोठेपणी प्रेक्षागृहाच्या अंधारात बसून दुसऱ्यांचं काम बघत राहिला. बघायचं, समजून घ्यायचं, मग लिहायचं. याला प्रेम लागतं.

पडदा अगदीच सुटला नाही. ‘थ्री इडियट्स’, ‘डिअर जिंदगी’, ‘बापजन्म’मध्ये ते छोट्या भूमिकांत दिसले. आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्यांना पाहिलं आणि ओळखलं नाही. मीही त्यातलाच.

7 मे 2025 रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, पुण्यात त्यांचं निधन झालं. बातम्यांमध्ये पुन्हा ‘श्याम’च होता. साहजिक आहे. पण वर्गातले वझे सर बातमीत मावत नाहीत. तुमच्यापैकी कुणी त्यांच्या हाताखाली शिकलं असेल, त्यांच्या तालमीला बसलं असेल, तर सर कसे शिकवायचे ते मला नक्की सांगा.