वेगळे ठेवायचे, तर समान द्या

श्रोतेहो, नमस्कार.

रेल्वेत काळ्या आणि गोऱ्या प्रवाशांना वेगवेगळ्या डब्यांत बसवणारा लुइझियाना राज्याचा कायदा घटनेला धरूनच आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1896 साली होमर प्लेसी यांच्या खटल्यात दिला. सोयी समान असल्या म्हणजे झाले, असे त्यामागचे तत्त्व होते. न्यायमूर्ती हार्लन यांचे एकट्याचे मत विरोधात गेले. पुढे दक्षिणेतील राज्यांनी वेगळेपण काटेकोरपणे पाळले. समानतेची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही.

हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची धुरा सांभाळलेले कृष्णवर्णीय वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी 1930च्या दशकात नेमकी तीच चौकशी हाती घेतली. 1896चा निकाल फिरवा म्हणून थेट मागणी केली तर न्यायालय बधणार नाही, हे ओळखून त्यांनी राज्यांना त्यांच्याच तत्त्वात पकडले. सुरुवात कायद्याच्या शिक्षणापासून झाली. त्यातला फरक न्यायाधीशांना वेगळा समजावून सांगावा लागणार नव्हता!

मिसूरी राज्य लॉइड गेन्स यांना आपल्या विधी महाविद्यालयात घेईना, मात्र परराज्यातील शिक्षणाची फी भरायला तयार होते. शिक्षणाची सोय राज्यातच हवी, असे न्यायालयाने 1938मध्ये बजावले. टेक्सासने हेमन स्वेट यांना रोखण्यासाठी वेगळे विधी महाविद्यालय काढले, तेव्हा प्राध्यापकांचा लौकिक आणि माजी विद्यार्थ्यांचे वजनही मोजावे लागेल, असे न्यायालय 1950मध्ये म्हणाले. त्याच दिवशी निकाली निघालेला ओक्लाहोमाचा खटला मला अधिक मोलाचा वाटतो. तेथील विद्यापीठाने जॉर्ज मॅक्लॉरिन यांना प्रवेश दिला होता, पण वर्गात, ग्रंथालयात आणि खानावळीत त्यांची जागा वेगळी ठेवली होती. शिक्षक तेच, पुस्तके तीच, आणि तरीही ही समानता नव्हे असे न्यायालयाने ठरवल्यावर जुन्या तत्त्वाला टेकू उरला नाही. हे निकाल जूनमध्ये लागले. ह्यूस्टन एप्रिलमध्येच वारले होते.

त्यांचे शिष्य थर्गुड मार्शल यांनी ब्राउन खटला लढवला आणि 17 मे 1954 रोजी नऊही न्यायमूर्तींनी सरकारी शाळांतील वर्णभेद एकमताने घटनाबाह्य ठरवला. पुढच्या वर्षीच्या अंमलबजावणीच्या आदेशात मात्र मुदत घातली नव्हती. त्या ढिलाईचा फायदा घेणारे निघालेच. याच खटल्यात पक्षकार असलेल्या व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने 1959मध्ये आपल्या सर्व सरकारी शाळा बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, काळ्या मुलांपैकी बहुतेकांना काउंटीत नियमित शाळाच उरली नाही, आणि 1964मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा निकाल द्यावा लागला, तेव्हा कुठे तेथील सरकारी शाळा उघडल्या.