पडदा उघडण्याआधीचा आक्षेप

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘गुलामगिरीवरील चित्रपट आणि पात्रनिवडीतील वर्णाचा प्रश्न’ असा छापला आहे, आणि अशा चित्रपटांतील पात्रनिवड कोणत्या कसोटीवर व्हावी हे सांगण्याचे मी संयोजकांना कबूल केले आहे. त्या कसोटीकडे मी येईनच. परंतु त्याआधी एका उपदेशाबद्दल बोलल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही, कारण तो उपदेश कित्येक वर्षे माझ्या मनात सलतो आहे. अमेरिकेतील गुलामगिरीवर एखादा नवा चित्रपट जाहीर होतो, त्याचे पोस्टर येते, ट्रेलर येतो, तिथले कृष्णवर्णीय प्रेक्षक त्यावर आक्षेप घेतात आणि लगेच त्यांना सुनावले जाते की आधी चित्रपट पाहा, मग बोला. वरवर पाहता हे बोलणे न्याय्य वाटते. तुमच्यापैकी किती जणांनी केवळ ट्रेलर पाहून एखाद्या चित्रपटाला जायचे नाही असे ठरवले आहे, जरा हात वर करा पाहू. (हशा.) जवळजवळ सगळेच हात वर आहेत, आणि तुमच्यापैकी कोणालाही ‘आधी पाहा’ असे कोणी बजावले नसेल. भूमिका कोणाला द्यायची हा निर्णय चित्रीकरणाच्या कितीतरी आधी होतो आणि त्याच नावाच्या भरवशावर पैसा उभा राहतो. ज्याला या निर्णयाबद्दल काही म्हणायचे आहे त्याने तिकीट काढून, दोन तास बसून, सगळे होऊन गेल्यावर तोंड उघडावे, हा न्याय मला मान्य नाही.

मला हे कळले ते आमच्या महाविद्यालयाच्या एकांकिकेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आम्ही अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यावरील एका गुलामाची गोष्ट निवडली होती. आमच्या चमूत गावाबाहेरच्या वस्तीतून चालत येणारा, वर्णाने काळासावळा असा एक मित्र होता. वाचनाच्या वेळी तो गुलामाची वाक्ये वाचू लागला, की खोलीतला पंखासुद्धा ऐकू यायचा, इतकी शांतता पसरायची. प्रत्यक्षात फळ्यावर नावे लागली, तेव्हा ती भूमिका आदल्या वर्षी बक्षीस मिळवलेल्या एका गोऱ्यापान मुलाला मिळाली होती आणि आमच्या मित्राकडे पडद्याची दोरी आली होती. त्याने दिग्दर्शकांना त्याच दिवशी, सगळ्यांदेखत, अगदी नम्रपणे कारण विचारले. दिग्दर्शक म्हणाले, ‘रंग काय, लावता येतो रे, नाकडोळे कुठून आणायचे?’ तो पुन्हा काही बोलू लागला तेव्हा त्याला सांगण्यात आले, ‘आधी प्रयोग होऊ दे, मग बोल.’

प्रयोगाच्या दिवशी दिव्यावर पितळेचे ताट उपडे धरून काजळी काढली, ती खोबरेल तेलात खलली आणि त्या मुलाच्या तोंडाला, मानेला आणि हातांना चोपडली. मे महिना होता आणि डोक्यावर मोठे दिवे तापले होते. पंधराव्या मिनिटाला त्याच्या कानामागून घामाचे गोरे ओघळ मानेवर उतरू लागले. मालक गुलामाची हनुवटी धरून त्याला फरफटत नेतो असा प्रसंग आला, तेव्हा मालकाच्या इस्त्रीच्या पांढऱ्या बाहीवर काळ्या बोटांचे पाच ठसे उमटले. प्रेक्षागृह हसले. एका माणसाला चाबकाने फोडून काढले जात होते आणि साडेतीनशे माणसे खदखदून हसत होती. मी विंगेत संहिता घेऊन प्रॉम्प्टिंगला उभा होतो. माझ्या शेजारी दोरी धरून उभा असलेला आमचा मित्र पहिल्या वाक्यापासून ती सारी भूमिका ओठांतल्या ओठांत म्हणत होता. हशा उसळला तेव्हा तो थांबला. पडदा पाडून झाल्यावर त्याने मला एवढेच विचारले, ‘हसले का रे?’

नंतर तीन दिवस आमच्यात चर्चा झाली ती पुढच्या वेळी रंग कसा टिकवावा याची. ‘आता बोल’ असे त्याला कोणीही म्हणाले नाही, मीदेखील नाही. ज्यांना आधी गप्प बसवले जाते त्यांना नंतर कोणी विचारत नाही, हे मी त्या विंगेत शिकलो.

आपल्या भाषेत अमेरिकेतील गुलामगिरीचा विषय उपरा नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केला आहे. तिकडची गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुण्यात बसून जोतीरावांनी तो धागा जोडला, म्हणून या प्रश्नावर बोलताना मला परक्याच्या घरात डोकावल्यासारखे वाटत नाही.

आम्ही जे काजळीने केले, तेच अमेरिकेत जळक्या बुचाच्या पुडीने शंभर वर्षे चालले होते. १८३० च्या सुमारास टी. डी. राइस नावाचा गोरा नट तोंड काळे करून ‘जिम क्रो’ या नावाने नाचत आणि गात असे, आणि पुढे कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवणारे दक्षिणेतील सगळे कायदे त्याच पात्राच्या नावाने ओळखले जाऊ लागले. रंगमंचावरच्या सोंगाचे नाव कायद्याला मिळावे, याहून पात्रनिवडीचे महत्त्व सांगणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीवर १९०३ साली मूकपट निघाला, तेव्हा त्यातले गुलाम गोऱ्या नटांनीच तोंडाला काळे फासून केले होते. त्याच कथेवरच्या १९१४ सालच्या मूकपटात सॅम लुकस या कृष्णवर्णीय नटाला टॉमची मुख्य भूमिका मिळाली. लगेच दुसऱ्या वर्षी दिग्दर्शक ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला, त्यात पुन्हा तोच बुचाचा काळा रंग होता आणि गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेचे खुले गुणगान होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेने तो रोखण्यासाठी शहरोशहरी प्रयत्न केले. तरीही चित्रपट धो धो चालला आणि त्याच वर्षी मोडकळीला आलेली क्लॅन पुन्हा उभी राहिली. चित्रपट येण्याआधी धोका ओळखणारी माणसे उतावळी नव्हती.

हॅटी मॅकडॅनियलची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून तिच्यावर रेंगाळत नाही. ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटात झाला, तेव्हा त्यात गुलाम दाईची भूमिका करूनही वर्णभेदाच्या कायद्यांमुळे तिला तिथे हजर राहता आले नाही, आणि १९४० च्या फेब्रुवारीत, ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली त्या रात्री, तिला सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर बसवले होते.

यानंतरची प्रगती पाहताना एक गोष्ट मला फार बोचते. जानेवारी १९७७ मध्ये एबीसी या अमेरिकी वाहिनीने ‘रूट्स’ ही एका गुलाम कुटुंबावरची मालिका आठ रात्री सलग दाखवली. त्यामागे हिशेब असा होता, की अपयश आलेच तर ते लवकर आटोपेल; आणि गोरा प्रेक्षक दुरावू नये म्हणून दूरचित्रवाणीवरचे ओळखीचे गोरे चेहरे जाणीवपूर्वक घेण्यात आले. प्रत्यक्षात शेवटचा भाग सुमारे दहा कोटी लोकांनी पाहिला आणि त्यांनी लक्षात ठेवला तो कुंटा किंटे, ज्याची भूमिका लेव्हार बर्टन हा एकोणीस वर्षांचा नवखा मुलगा करत होता. इतके झाल्यावर ती भीती कायमची जायला हवी होती. परंतु डिसेंबर २०१३ मध्ये ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ची इटलीतली पोस्टरे पाहिली आणि मी थक्क झालो. ही गोष्ट सॉलोमन नॉर्थअपची आहे, १८४१ साली पळवून नेऊन गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या एका स्वतंत्र माणसाची. पोस्टरभर चेहरा होता ब्रॅड पिटचा, जो चित्रपटात काही मिनिटेच दिसतो. दुसऱ्या पोस्टरवर मायकेल फासबेंडर, म्हणजे चाबूक ओढणारा मालक. आणि ज्याने सगळा चित्रपट खांद्यावर पेलला तो चिवेटेल एजिओफोर खाली बोटभर उंचीचा, धावताना. तक्रारी झाल्या आणि ती पोस्टरे मागे घेतली गेली. तक्रार करणाऱ्यांनी इटलीत चित्रपट लागेपर्यंत थांबायला हवे होते काय?

त्याहून स्पष्ट उदाहरण २०१७ चे आहे. गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघालेली अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्ये यादवी युद्धात टिकून राहिली असती आणि गुलामगिरी आजवर चालू असती तर काय झाले असते, अशा कल्पनेवरची ‘कॉन्फेडरेट’ ही मालिका एचबीओने जुलैमध्ये जाहीर केली. एकही दृश्य चित्रित झालेले नव्हते. ऑस्करची नामांकने गोऱ्यांनाच मिळतात म्हणून ‘ऑस्कर्स सो व्हाइट’ ही हाक देणाऱ्या एप्रिल रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस ‘नो कॉन्फेडरेट’ची मोहीम उभी केली. ती मालिका कधीच आली नाही. काही मित्रांनी मला ऐकवले की ही कलेची गळचेपी झाली. मला तसे वाटत नाही, कारण त्या प्रेक्षकांनी बंदी मागितली नव्हती. ज्यांच्या पूर्वजांची विक्री झाली त्यांना ही कल्पना करमणूक म्हणून ऐकताना काय वाटते, एवढे त्यांनी वेळेवर सांगितले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि कबूल केलेली कसोटी अजून तशीच आहे. तेव्हा ‘हॅरिएट’ या एकाच चित्रपटाच्या आधारे ती मांडतो.

हॅरिएट टबमन मेरीलँडमध्ये गुलामगिरीत जन्मली, १८४९ मध्ये निसटली, सुमारे तेरा वेळा मागे फिरून जवळपास सत्तर माणसांना बाहेर घेऊन आली, आणि १८६३ मध्ये कोंबाही नदीवरच्या लष्करी मोहिमेत तिच्यामुळे सातशेहून अधिक माणसे सुटली. तिच्यावरच्या चित्रपटाचे पटकथाकार ग्रेगरी ॲलन हॉवर्ड यांनी सांगितले आहे, की १९९४ मध्ये एका स्टुडिओच्या प्रमुखाने या भूमिकेसाठी ज्युलिया रॉबर्ट्सचे नाव सुचवले होते, आणि ती गोरी आहे असे निदर्शनास आणल्यावर, इतकी जुनी गोष्ट कोणाच्या लक्षात येणार, असे उत्तर दिले होते. पुढे भूमिका मिळाली सिंथिया एरिव्हो हिला. ती कृष्णवर्णीय आहे, परंतु लंडनमध्ये नायजेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेली आहे. त्यावर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी मोठा आक्षेप घेतला. आमच्या आजीपणजीची भूमिका आमच्यातल्या कोणाला का नाही, हा एक मुद्दा होता. आणि तिने पूर्वी ट्विटरवर त्यांच्या बोलीची टिंगल केली होती, हा दुसरा.

मला पहिला मुद्दा पूर्ण पटत नाही. रक्ताचा दाखला मागू लागलो, तर अभिनय ही कलाच उरणार नाही; शिवाय नायजेरियाच्या किनाऱ्यावरूनच लाखो माणसे जहाजांत कोंबून नेली गेली आणि ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने गुलाम मुक्त केले तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. हा इतिहास लंडनचाही आहे. दुसरा मुद्दा मात्र मला पुरता पटतो, कारण ज्यांचे दुःख आपण अंगावर घेणार त्यांच्या बोलीबद्दल आदर असणे ही त्या भूमिकेची पहिली तालीम आहे. म्हणून माझी कसोटी जन्मस्थान विचारत नाही. ज्या माणसाचे रूप इतिहासाला ठाऊक आहे त्याचा वर्ण उजळ किंवा गडद करण्यासाठी रंगाची डबी उघडावी लागते काय, हे ती पाहते. २०१६ च्या चित्रपटात नीना सिमोन या कृष्णवर्णीय गायिकेच्या भूमिकेसाठी नटी झोई सल्डानाचा चेहरा काळा करून तिला कृत्रिम नाक लावले होते आणि पुढे तिने स्वतःच त्याबद्दल माफी मागितली. माझी कसोटी हेही पाहते, की दोरी धरून कोणाला उभे केले आहे आणि का. आणि गोष्ट ज्याची आहे त्याच्याच हाती ती राहते काय, हे सर्वांत जास्त पाहते. ‘हॅरिएट’ २०१९ मध्ये आला, तेव्हा एरिव्होला ऑस्करचे नामांकन मिळाले. मात्र टबमनच्या मागावर धाडलेला एक काल्पनिक कृष्णवर्णीय पाठलागकर्ता पटकथेत घातला होता आणि त्यावर प्रेक्षक पुन्हा संतापले. आधीच्या अविश्वासाला कारण होते. ते नटीपेक्षा लेखनात अधिक होते, इतकेच.

एक शेवटचे. २०२२ मध्ये ‘इमॅन्सिपेशन’ यायच्या आधी अनेक कृष्णवर्णीय प्रेक्षक म्हणाले, की आता आम्हाला फाटलेल्या पाठी पाहवत नाहीत. तो चित्रपट ज्यावरून सुचला ते छायाचित्र १८६३ चे आहे. पीटर किंवा गॉर्डन या नावाने ओळखला जाणारा एक माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून बसला आहे आणि पाठभर चाबकाचे वण आहेत. ते खिशात मावणाऱ्या आकारात छापून सर्वत्र वाटले गेले. त्याच आकाराचे दुसरे एक छायाचित्र २०१७ मध्ये लिलावात आले आणि आता ते लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि स्मिथसोनियनच्या संग्रहालयाच्या मालकीचे आहे. ते १८६८ च्या आसपास न्यू यॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावात काढलेले आहे. संयोजकांना विनंती आहे, की समोरचे दिवे जरा कमी करावेत. ही हॅरिएट टबमन, पंचेचाळिशीच्या आसपासची. नीट बेतून शिवलेला पोशाख आहे, खुर्चीच्या पाठीवर हात टाकला आहे, आणि चेहरा दिसतो आहे.